सासरेबुवा आणि सात नंबरची जागा

५ जानेवारी

प्रिय मास्तर,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं विचाराल, तर आपल्या दोन घरांत फोन कुणाच्या मालकीचा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. काल माझ्या बायकोने तुमच्या बायकोशी सव्वा तास बोलून घेतलं. मी समोर उभा राहून हातवारे करत होतो. शेवटी तिने "हे बरे आहेत, भाऊजी पण बरे आहेत ना?" असा आपला दोघांचा एका वाक्यात निकाल लावला आणि फोन ठेवून दिला. दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलेल्या पुरुषांना आपसात बोलायचं असेल तर पोस्टाशिवाय गत्यंतर नाही.

आता आपल्या मासेमारी मंडळाचं. तलाव नेहमीसारखा चार महिने बंद आहे आणि एप्रिलच्या चार तारखेला, रविवारी, हंगाम उघडतो. तोवर कामांचा डोंगर आहे. शेडच्या पत्र्याला दोन भोकं पडली आहेत. धक्क्याच्या तीन फळ्या कुजल्यात. त्यातली एक कुजली आहे हे आपले अध्यक्ष, म्हणजे दंतवैद्य, यांनी तिच्यावर उभं राहून सिद्ध केलं. पाणी कमरेपर्यंतच होतं. काठावरच्या सोळा जागांचे नंबर पुन्हा रंगवायचे आहेत. मी घड्याळाचं दुकान दुपारी बंद ठेवून हेच करतो आहे, आणि गिऱ्हाइकांची घड्याळं सगळी सव्वा बारावर थांबली आहेत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारचा विषय काढल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही, तेव्हा काढतोच. सासरेबुवा तुमच्या गळाला लागले. अकरा वर्षं तलावातल्या त्या सगळ्यात मोठ्या माशाची आपण वाट बघत होतो. त्या मिशा, ती कपाळावरची आठी, दोन्ही जावयांकडे लांबून बघून तोंड फिरवायची ती पद्धत, नाव आपणच ठेवलं. (आपल्या बायकांना अजून पत्ता नाही. कृपा करून हे पत्र फाडा.) पंचवीस मिनिटं तुम्ही त्यांना खेळवलंत, काठापासून हातभर अंतरावर आणलंत, मी जाळी घेऊन वाकलो, आणि सासरेबुवा गेले. सगळं मंडळ बघत होतं. तेव्हापासून बेकरीवाले मला "भोकवाली जाळी" म्हणूनच हाक मारतात. मारू देत. पण तुम्ही त्या संध्याकाळी एक शब्द न बोलता घरी गेलात, आठवड्याभरात मुलीकडे निघून गेलात, आणि ते मला लागलं आहे. माझी चूक झाली, मास्तर. मी घाई केली.

सोबत नव्या हंगामाचा अर्ज आहे. फक्त सही करायची आहे. फेब्रुवारीअखेर सही केलेला अर्ज आला नाही तर जागा पुढच्या माणसाला जाते, हा नियम तुम्ही जाणताच. विमा एजंट चार वर्षं यादीत आहे आणि परवा तो तुमच्या सात नंबरवर जाऊन टेपने झाडाची सावली मोजत होता. तेव्हा टाळाटाळ नको.

ताईंना नमस्कार.

तुमचा साडू,
चिटणीस


१९ जानेवारी

श्री. चिटणीस यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपले दिनांक ५ चे पत्र पोहोचले. हे उत्तर मी जावयाच्या संगणकावर लिहीत आहे. एका बोटाने लिहितो, त्यामुळे थोडक्यात लिहितो. एक जोडाक्षर सापडेपर्यंत चहा गार होतो.

येथे सर्व ठीक आहे. माझा गुडघा अद्याप दुखतो. मुलगी म्हणते की येथेच राहावे, आणि मलाही ते पटले आहे. घर पाचव्या मजल्यावर असून खिडकीतून बाग दिसते. बागेत एक छोटे तळे आहे, त्यात बदके आहेत.

सबब या हंगामाला मी येणार नाही. सात नंबरची जागा विमा एजंट यांना द्यावी. माणूस चिकाटीचा आहे. माझी काठी शेडच्या डाव्या कोपऱ्यात आहे, ती नव्या सभासदाच्या उपयोगी पडेल. अर्ज परत पाठवत आहे.

नोव्हेंबरमधील माशाबद्दल आपण मनाला लावून घेऊ नये. मासा होता, गेला.

धाकटीस आशीर्वाद.

आपला,
मास्तर


२८ जानेवारी

मास्तर,

तुमची नोटीस मिळाली.

दुसरं काय म्हणू? "सबब"! एकतीस वर्षं आपण शेजारी बसतोय, तुम्ही सातवर, मी आठवर. एका डब्यातली गांडुळं वापरली. आणि तुम्ही मला "सबब" लिहिता! खाली सहीसुद्धा छापलेली. तुमचं ते टपोरं अक्षर, ज्यात तुम्ही शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कोटावर खडूने मापं लिहायचात, ते बघायला मी पाकीट फोडलं तर आतून सरकारी कागद निघाला. अर्ज तर कोराच. निदान "नाही" असं लिहून सही करायची होतीत.

आणि "मासा होता, गेला" हे वाक्य मी चांगलं ओळखतो. ही जेव्हा "काही झालं नाही" म्हणते तेव्हा मी डबा न घेता दुकानात पळतो. तुम्ही रागावला आहात. रागवा. पण हाताने लिहून रागवा.

तुमची काठी मी कुणालाही दिलेली नाही आणि देणारही नाही. काल ती खाली काढली, पुसली, रिळाला तेल घातलं. बेकरीवाले म्हणाले, "जपून हो चिटणीस, तीही तुमच्या हातून सुटेल." सगळे हसले. मीही हसलो, पण नीट जमलं नाही.

शेडचा रंग झाला. मुख्याध्यापिकाबाईंना हिरवा हवा होता आणि दंतवैद्यांना पांढरा. दोन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत कळलं की बेकरीवाल्यांनी परस्पर पिवळा आणून अर्धी भिंत रंगवलीसुद्धा आहे. आता आपली शेड लांबून लोण्याच्या गोळ्यासारखी दिसते. दारावरचा नियमांचा फळाही मी नव्याने लिहून काढला. कलम चार लिहिताना तुमची आठवण आली: "प्रत्येक सभासदाने आपला गळ आपल्या हाताने बांधावा. दुसऱ्याने बांधलेल्या गळावरचा मासा वहीत धरला जाणार नाही." हे कलम तुम्हीच घालायला लावलं होतंत, पहिल्याच वर्षी. टेबलावर हात आपटून म्हणाला होतात, "ज्याचा टाका त्याची जबाबदारी." तेव्हा मला वाटलं होतं, साडू मिळावा तर असा.

अर्ज पुन्हा पाठवतोय. फेब्रुवारी लहान महिना असतो, हे ध्यानात ठेवा.

चिटणीस


१० फेब्रुवारी

प्रिय चिटणीस,

पत्र वाचून हसू आले आणि वाईटही वाटले. मी रागावलेलो नाही. कृपया यावर विश्वास ठेवा. छापील अक्षरात राग-लोभ दिसत नाही हे खरे, पण सध्या याच मार्गाने लिहिणे मला सोयीचे आहे.

तुम्ही काठीला तेल घातलेत, बरे केलेत. रिळाच्या आतल्या बाजूलाही घाला, तिथे गंज धरतो.

इथले दिवस बरे जातात. सकाळी बागेत जातो. बदकांना आता माझी सवय झाली आहे. इथे मला कामाला हात लावू देत नाहीत. मुलगी चहा अर्धा कपच देते. परवा नातीच्या शाळेच्या कोटाचे बटण तुटले, ते जावयाने लावले. बटण चांगले लावतो, चार छिद्रांतून फुली घालून. मी जवळ बसून बघितले.

फळ्यावर कलम चार कोणत्या रंगात लिहिलेत? ते नीट ठळक लिहा. ते कलम योग्यच आहे. ज्याला स्वतःच्या हातावर भरवसा नाही, त्याने काठावर बसून दुसऱ्याच्या आनंदात विघ्न आणू नये. मी हे पूर्वी म्हणत होतो, आजही म्हणतो.

अर्जाचे मात्र राहू द्या. एजंटना सांगा की सात नंबरवर सकाळी नऊपर्यंत ऊन डोळ्यांवर येते, तेव्हा टोपी आणावी. आणि पाण्यात डावीकडे एक बुडालेली फांदी आहे, तिच्या अलीकडे गळ टाकावा, पलीकडे नाही.

मास्तर


१७ फेब्रुवारी

मास्तर,

दोन गोष्टी.

पहिली, अर्धा कप चहा? तुम्हाला? जो माणूस दुकानात शिलाई मशीनवर काठोकाठ भरलेला कप ठेवून पायडल मारायचा आणि थेंब सांडायचा नाही, त्याला त्याची पोटची पोर अर्धा कप चहा देते? मी हे हिला वाचून दाखवलं. ही एकदम स्वयंपाकघरात निघून गेली. तिलाही लागलं असणार. मुलीला माझा निरोप सांगा, की मावशीचा नवरा चिडला आहे.

दुसरी गोष्ट. तुमचं वाक्य मी चारदा वाचलं. "ज्याला स्वतःच्या हातावर भरवसा नाही, त्याने काठावर बसून दुसऱ्याच्या आनंदात विघ्न आणू नये." टोला बसला, मास्तर, आणि बरोबर जागी बसला. तुम्ही सरळ माझं नाव घेतलं असतंत तर बरं झालं असतं.

तेव्हा मी काय ठरवलं आहे ते ऐका. रविवारी, अठ्ठावीसला, हंगामाआधीची शेवटची सभा आहे. मी ठराव मांडणार आहे, आणि तो वहीत नोंदवून घेणार आहे: "मागच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी मास्तरांचा मासा चिटणीसांच्या हलगर्जीपणामुळे सुटला. चिटणीस आपलं पद आणि आठ नंबरची जागा सोडत आहेत." मग तर तुमच्या शेजारी विघ्न आणणारा कुणी उरणार नाही? एजंटला आठ नंबर देईन. सात तुमचीच.

एवीतेवी तुमच्याशिवाय आठ नंबरवर बसून मी करणार काय? बोलायचं कुणाशी? मागच्या आठवड्यात साफसफाई करून मी तिथे जरा टेकलो. पाणी स्वच्छ होतं. सासरेबुवा खालून सावकाश गेले, मला त्यांनी ओळखलं आणि तोंड फिरवलं. हे मी सवयीने तुमच्याकडे वळून सांगायला गेलो. तिथे झाड होतं फक्त.

चिटणीस


२२ फेब्रुवारी

प्रिय चिटणीस,

ठराव मांडू नका. हे वाचण्याआधी मांडला असेल तर परत घ्या.

हे अक्षर बघा. हे माझंच आहे. एवढ्या चार ओळी लिहायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. तुम्हाला हाताने लिहिलेलं पत्र हवं होतं, ते हे. आता कळलं असेल की मी संगणकावर का लिहीत होतो.

माझे हात थरथरतात. दीड वर्ष झालं. एका कोटाचं काज करताना पहिल्यांदा जाणवलं. दोरा नेढ्याशी नेला की भलतीकडेच जायचा. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नवा चष्मा केला, त्यातून थरथर अजून स्पष्ट दिसायला लागली. दुकान गुडघ्यामुळे बंद केलं असं मी सगळ्यांना सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. रोज पाच मजले चढतो. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, औषधाने थोडं कमी होईल, पण पूर्वीसारखे हात होणार नाहीत. कप अर्धा असतो, कारण भरलेला मी सांडतो. मुलीला बोल लावू नका, ती गुणाची आहे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. तो मासा तुमच्या जाळीमुळे सुटला नाही.

त्या दिवशी सकाळी गळ बांधायला मला वीस मिनिटं लागली. तुम्ही गांडुळं आणायला गेला होतात. गाठ आवळण्याआधी ओठांत धरून ओली करायची, नाहीतर ती बसत नाही, हे मी आजवर प्रत्येक नव्या सभासदाला शिकवलं आहे. तेवढ्यात बेकरीवाले माझ्याकडे येताना दिसले. त्यांनी माझे हात बघू नयेत म्हणून मी ती कोरडीच ओढली आणि गळ पाण्यात टाकला. मला ठाऊक होतं की ती गाठ चांगली नाही. सासरेबुवा काठाशी आले, आणि दोरा सैल पडला तेव्हा तुमची जाळी पाण्याला लागलीसुद्धा नव्हती. मला हातात कळलं. सगळे तुमच्यावर ओरडले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि मी गप्प बसलो.

चाळीस वर्षांत मी उसवणार हे माहीत असलेला एकही टाका गिऱ्हाइकाला दिला नाही. आणि तुम्हाला सगळ्यांच्या हशावर सोडून निघून आलो. मला बोलायचं होतं, पण मास्तरांची गाठ सुटली हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मागच्या पत्रात हातावर भरवसा नसलेला माणूस म्हणून लिहिलं, तो मी होतो. तुम्ही कसे होणार? तुमच्या हातून अजून केसाएवढी स्प्रिंग बसते.

कलम चारप्रमाणे मी आता काठावर बसायला पात्र नाही. माझंच कलम आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पण तुम्ही आठ नंबर सोडायचा नाही. सभेत माझं हे पत्र वाचून दाखवा आणि वहीत खरं काय ते लिहा.

मला माफ करा.

मास्तर


१ मार्च

प्रिय मास्तर,

पत्र शनिवारी दुपारी मिळालं. दुकानाचं शटर खाली ओढलं, आत बसून वाचलं, आणि रडलो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे चेष्टा करायला मोकळा.

पाकिटात एक कागदाची पुडी आहे ती उघडा. आत तंगूसचा बोटभर तुकडा आहे, तुमच्याच गळाच्या दोऱ्याचा. टोक बघा. तंगूस तुटला तर टोक सरळ असतं. गाठ सुटली तर टोकाला पिळाची कुरळी शेपटी राहते. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी तुम्ही पाण्याकडे बघत बसला होतात, तेव्हा तुमचं रीळ मी गुंडाळलं. टोक हाताला लागलं. मी ते कापून घेतलं आणि दुकानात स्प्रिंगांच्या डबीत ठेवून दिलं. तीन महिने ते तिथेच आहे.

म्हणजे मला माहीत होतं, मास्तर. पहिल्या दिवसापासून. हातांचं माहीत नव्हतं, ते देवाशपथ नाही. मला वाटलं घाईत एखादी गाठ राहिली असेल, कुणाचीही राहते. पण तुमचं तोंड बघितलं आणि ठरवलं की हे बोलायचं नाही. तुम्हाला वाटत असेल की माझ्या जाळीने मासा गेला, तर वाटू दे. तुम्ही स्वतःवर चिडण्यापेक्षा माझ्यावर चिडलेले बरे, मला सवय आहे. मग तुमची ती छापील पत्रं आली आणि मला वाटलं की हे जरा जास्तच चिडले. असे आपण दोघे शहाणे. तुम्ही गाठीचं माझ्यापासून लपवत होतात ते मला ठाऊक होतं, आणि मी ज्याची माफी मागत होतो ते मी केलंच नव्हतं.

याहून मोठं सांगतो. रात्री जेवताना मी हिला म्हटलं, "मास्तरांचे हात थरथरतात." ही पोळी वाढता वाढता म्हणाली, "मला डिसेंबरपासून माहीत आहे. ताईने शपथ घातली होती." रोज सव्वा सव्वा तास त्या काय बोलतात असं आपण म्हणायचो! अर्ध्या कपावर मी तणतणलो तेव्हा ही स्वयंपाकघरात गेली ती हसायला गेली होती. आणि हो, माशाचं नावही दोघींना माहीत आहे. गेली नऊ वर्षं. ही म्हणाली, "बाबांना आवडलं असतं. तुमच्या हाती लागले नाहीत ना."

आता सभेचं ऐका. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं नाही. ती कबुली तुमची आहे. येऊन तुमच्या तोंडाने द्या, नाहीतर देऊ नका. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कलम चार रद्द करावं. वय सगळ्यांचं होतं. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा गळ बांधला तर काय बिघडलं?" तुमचं नाव घेतलं नाही.

मला वाटलं आता फाडून खातात. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई उठल्या. म्हणाल्या, "मला एक सांगायचं आहे. मोतीबिंदू झाल्यापासून माझे गळ घरी आमचे हे बांधून देतात. सहा वर्षं." आणि खाली बसेचनात. कॉपी करणाऱ्या मुलांना त्या जन्मभर उभं करत आल्या, म्हणून आता आपणही उभ्या! मग दंतवैद्य घसा साफ करून म्हणाले की ते दुकानातून तयार बांधलेले गळ आणतात आणि पाकिटं गाडीतच फाडतात. अध्यक्ष! बेकरीवाल्यांचा आवाज सगळ्यात बारीक झाला होता. त्यांचे गळ त्यांची बायको बांधते, कारण त्यांना ती गाठ कधी आलीच नाही. एकोणीस वर्षांत! त्या दिवशी सकाळी ते तुमच्याकडे येत होते ना, ते तुमची गाठ चोरून बघायला येत होते.

हात वर करायला सांगितलं तर हजर चौदातले नऊ निघाले. कलम चार काटेकोर धरलं तर वहीतले निम्मे मासे बाद. बाई म्हणाल्या, मासे तर खरे होते ना, मग राहू देत. कलम बदललं. नवं कलम असं: "गळ कुणीही बांधावा. मासा ज्याचा त्याने ओढावा." बेकरीवाल्यांनी खाली एक ओळ जोडली, "जाळी चिटणीसांनी धरू नये," आणि तीही एकमताने मंजूर झाली. मी स्वतःही हात वर केला.

सासरेबुवांना पंचवीस मिनिटं खेळवलं ते कुणाच्या हातांनी, याचा जरा विचार करा. ते हात तेव्हाही थरथरतच होते. काठीला चालतं तेवढं, तिला सुईचं नेढं नसतं.

दुसऱ्या पुडीत बारा गळ आहेत, मी बांधलेले. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने, दुकानाच्या टेबलावर. प्रत्येक गाठ ओली करून आवळली आहे. तीन घड्याळं राहिली त्यापायी, लोक वेळेवर पोचले नाहीत तर पोचले नाहीत. गाठी तपासा आणि नावं ठेवा. तुमच्याइतक्या जमणार नाहीत, पण सुटणार नाहीत.

अर्जाची मुदत काल संपली. पण काल रविवार होता, आणि रविवारी चिटणीसाला पत्रं मिळत नाहीत. तेव्हा मी वाट बघतोय. एजंट रोज दुकानात येऊन घड्याळ लावून घेतो.

तुमचाच,
चिटणीस


१२ मार्च

प्रिय चिटणीस,

अर्ज सोबत आहे. सही वाकडी आली आहे, पण माझी आहे. पोस्टात टाकण्याआधी मुलीने विचारलं, पुन्हा करायची का? मी म्हटलं, नको, पुढचीही अशीच येईल.

बारा गळ बघितले. त्यातला सातवा थोडा ओबडधोबड आहे, बाकी उत्तम. कुरळी शेपटी मी पाकिटात ठेवली आहे. हंगामाच्या पहिल्या चहाच्या वेळी ती सगळ्यांना दाखवणार आणि काय झालं ते माझ्या तोंडाने सांगणार. त्यानंतर "भोकवाली जाळी" ही पदवी तुमच्याकडून काढून घेण्यात येईल. आणि कलमाखालची बेकरीवाल्यांची ती ओळ मी खोडायला लावणार आहे. माझ्या माशाला जाळी कुणी लावायची हे मी ठरवणार. बदल्यात बेकरीवाल्यांना गाठ शिकवीन. हाताने नाही, तोंडाने सांगेन, त्यांनी बांधायची. एकोणीस वर्षं बिचाऱ्यांनी विचारलं नाही, आणि मीही असा कडक, की विचारायची सोय ठेवली नाही.

पाच नंबरची जागा कुजक्या फळीमुळे कित्येक वर्षं रिकामी आहे, ती दुरुस्त करून एजंटला तिथे बसवा. सावली तिथेही बरी आहे, आणि तो तिथून आपल्याशी बोलू शकणार नाही.

आम्ही दोघं एप्रिलच्या तीन तारखेला दुपारी पोचतो. बायका गप्पा मारत बसतील. आपण थेट तलावावर जाऊ, सासरेबुवांना मी आलो असं कळवायला. तुमचा थर्मास आणा.

आणि चहा मला भरून द्या, चिटणीस. काठोकाठ. सांडला तर सांडू दे, तिथे खाली गवतच आहे.

तुमचा साडू,
मास्तर